पाणी बदललं की पोवळं आणखी मिटतं

पत्र: बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. दीड वर्षापासून १५० लिटरचा समुद्री टँक आहे. दोन क्लाउन मासे, एक टोडस्टूल लेदर (अळंबीच्या आकाराचं मऊ पोवळं), झोआंच्या (बटणांसारख्या लहान पोवळ्यांच्या) दोन वसाहती, सहा टर्बो गोगलगायी आणि एक क्लीनर श्रिंप. एप्रिलच्या मध्यापासून लेदर मिटलंय, पॉलिप, म्हणजे त्याची बारीक तोंडं, बाहेर येतच नाहीत, आता टोपीच्या कडेला तपकिरी डाग पडलाय. झोआ अर्धवट उघडतात. चार गोगलगायी गेल्या, श्रिंप कात टाकताना मेला. मासे मात्र ठणठणीत, खाण्यावर तुटून पडतात. सॅलिनिटी १.०२५, तापमान २८, अल्कलिनिटी ८.१, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५. तीनदा ३० लिटर पाणी बदललं, तर दर वेळी दुसऱ्या दिवशी तब्येत आणखीच बिघडली. आयोडीन घातलं, कोरल फूड घातलं, लाइट वाढवला. पाणी घरच्या आरओचं. पाडव्याला नवीन मशीन घेतलं, त्याचा टीडीएस ६० येतो, जुन्यापेक्षा चांगला. चुकतंय कुठे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा शब्द शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी, अगदी सहज येऊन गेलाय: पाडवा. त्या नवीन मशीनचं खोकं अजून माळ्यावर असेल तर आधी ते काढा आणि त्यावर 'कॉपर' हा शब्द छापलाय का बघा. हल्ली बऱ्याच घरगुती आरओमध्ये मेंब्रेननंतर (पाणी गाळणाऱ्या पडद्यानंतर) एक तांब्याचं काडतूस बसवलेलं असतं. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेल्या पाण्याचा गुण मिळावा म्हणून ते पाण्यात थोडं तांबं मुद्दाम सोडतं. माणसाला त्याचा त्रास नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलीग्रॅमपर्यंत चालवून घेतात. गोगलगायीला आणि पोवळ्याला मात्र यातला पहिला आकडासुद्धा जड जातो.

खोकं न बघताही संशय तांब्यावरच का, ते सांगतो. तुम्ही मोजलेले पाचही आकडे चांगले आहेत. म्हणजे दोष न मोजलेल्या गोष्टीत आहे. मासे खुशाल, पण गोगलगाय, श्रिंप आणि पोवळं तिघंही आजारी, हे तांब्याचं ठरलेलं लक्षण. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की औषध म्हणून तांबंच देतात, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम, दोन-तीन आठवडे. मासा ते सोसतो. गोगलगाय आणि श्रिंप यांच्या रक्तात लोहाच्या जागी तांबंच असतं, तरी बाहेरून थोडं जास्त आलं की नेमके तेच आधी जातात. आणि तिसरी खूण तुम्हीच लिहिलीय: पाणी बदललं की बिघडतं. चांगल्या पाण्याने टँक सुधारतो, निदान बिघडत तरी नाही.

आता हिशेब करा. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या १५० लिटरच्या टँकमधून दिवसाला ३ लिटर पाणी सहज उडतं. पाडव्यापासून मोजलं तर पन्नास दिवसांत १५० लिटर आरओचं पाणी टॉप-अपमधूनच आत गेलं. समजा त्यात लिटरला ०.२ मिलीग्रॅम तांबं होतं. म्हणजे ३० मिलीग्रॅम. दगड आणि वाळू वजा जाता तुमच्या टँकमध्ये खरं पाणी १२० लिटरच्या आसपास. पाणी वाफ होऊन जातं, तांबं जात नाही. भागाकार ०.२५ वर येतो, म्हणजे माशांच्या औषधाच्या मात्रेच्याही वर. यातलं बरंचसं दगड, वाळू आणि सेंद्रिय घाण धरून ठेवते, म्हणून टँक अजून तग धरून आहे. पण नव्याने कालवलेल्या पाण्यातलं तांबं मोकळं असतं, कशालाच चिकटलेलं नसतं. ३० लिटरच्या बदलानंतर दुसऱ्याच दिवशी लेदर आणखी आक्रसतं ते यामुळे.

टीडीएस ६० बघून तुम्ही निर्धास्त झालात, यात तुमची चूक नाही, बहुतेकांचं असंच होतं. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांची एकत्र मोजणी करतो. साठातलं पाव मिलीग्रॅम तांबं त्याला वेगळं दिसायचं नाही. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं तांब्याचं टेस्ट किटही इतक्या कमी प्रमाणात भरवशाचं नाही. ते शून्य दाखवेल आणि तुम्ही पुन्हा आयोडीनच्या मागे लागाल. खात्री हवीच असेल तर आरओच्या नळाचं पाणी, मीठ न घालता, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा लिटर भरा आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत फक्त तांब्याची चाचणी करायला द्या. टँकचं पाणी देऊ नका, खाऱ्या पाण्यात साध्या पद्धतीचे आकडे गडबडतात. अहवालात ०.०५ च्या वर काही आलं तर विषय संपला. पण अहवालासाठी थांबू नका. खाली जे सांगतोय त्याने कुठल्याच परिस्थितीत नुकसान नाही.

तांब्याला पर्याय म्हणून दोन शक्यता मात्र तपासा. घरात पेस्ट कंट्रोलची फवारणी झाली होती का? तसं असेल तर श्रिंप एका रात्रीत जातात, असे आठवडे घेत नाहीत, आणि मासेही धापा टाकतात. दुसरी, टँक किंवा दगड कुणाकडून वापरलेले घेतले असतील आणि आधीच्या मालकाने त्यात माशांना तांब्याचं औषध दिलं असेल, तर दगड ते वर्षभरानेही सोडत राहतात. तुमच्या बाबतीत दीड वर्ष सगळं सुरळीत होतं, त्यामुळे ही शक्यता कमी. सॅलिनिटी ज्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजता तो एकदा पडताळून घ्या. साध्या पाण्यावर शून्य येतं म्हणजे वरचा आकडा बरोबर असतोच असं नाही. घरातलं मीठ ३६.५ ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी ९६३.५ ग्रॅम असं वजनाच्या काट्यावर मोजून विरघळवा. त्यावर रिफ्रॅक्टोमीटरने ३५, म्हणजे १.०२६ च्या आसपास दाखवलं पाहिजे. नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

आता काम. आजपासून आरओचं ते पाणी टँकला बंद. आयोडीन आणि कोरल फूड बंद. वाढवलेला लाइट परत खाली, निम्म्या जोरावर आणि दिवसाला आठ तास. आजारी पोवळ्यावर उजेड वाढवणं म्हणजे ताप आलेल्याला उन्हात बसवणं. टर्बोचं एखादं कवच दगडामागे अडकलं असेल तर हुंगून बघा, सडका वास आला की बाहेर.

पाणी आणायचं कुठून? घरचा आरओ फेकायची गरज नाही. मशीनच्या आत मेंब्रेनच्या नळकांड्यातून दोन नळ्या निघतात, एक चांगल्या पाण्याची आणि एक वाया जाणाऱ्या पाण्याची. वायाच्या नळीवर फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, त्यावरून ती ओळखता येते. चांगल्या पाण्याची नळी पुढे टीडीएसच्या खटक्याकडे, मिनरल आणि तांब्याच्या काडतुसांकडे जाते. आरओवाल्याला बोलावून सांगा, "मेंब्रेनमधून निघाल्याबरोबर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून द्या, एक बाजू माझी." तिथून निघणारं पाणी कोरं असतं. त्याचा टीडीएस मोजा. नळाच्या पाण्याच्या पाच-दहा टक्के यायला हवा. नळाला ४०० असेल तर इथे २० ते ४०. त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मिक्स्ड बेड डीआय रेझिनचं एक नळकांडं जोडा आणि मीटर शून्य दाखवेल तेव्हाच पाणी वापरा. आकडा १ झाला की रेझिन बदला. पाणी साठवायला खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिकचं पिंप घ्या. त्याला पितळी तोटी नको, पितळेतही तांबंच असतं.

हे जमेपर्यंत पहिल्या आठवड्यासाठी प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून डिस्टिल्ड किंवा डीआय पाण्याचे कॅन आणा. बडोद्यात ती दुकानं उणी नाहीत. कॅन उघडला की आधी टीडीएस मोजा. बॅटरीच्या दुकानातलं पाणी घेणार असाल तर लिटमसही बुडवून बघा, कारण तिथे ॲसिडचे कॅन धुऊन पुन्हा भरले जाण्याचा धोका असतो. बाटलीबंद पिण्याचं पाणी नको, त्यात क्षार मुद्दाम मिसळलेले असतात. दोन आठवड्यांसाठी एकूण दोनशे सत्तर लिटरच्या आसपास लागेल: चार बदलांचे १२०, टॉप-अपचे ४०, खाली सांगतोय त्या टबासाठी ४०, आणि टबातल्या दिवसाआडच्या बदलांचे ७०.

लेदर आणि झोआ टँकमध्ये राहू देऊ नका. ४० लिटरचा नवा प्लास्टिक टब, त्यात शून्य टीडीएसच्या पाण्यात कालवलेलं मीठ, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. भरलेल्या पाण्यात मीठ हळूहळू घाला. थोड्या पाण्यात सगळं मीठ ओतलं की कॅल्शियम साका होऊन तळाला बसतं आणि पाणी दुधाळ होतं. पंप चालू ठेवून १२ ते २४ तास फिरू द्या. मग टँकशी तापमान आणि सॅलिनिटी जुळवा. टबात एक लहान वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), वर साधा मंद लाइट. मे महिन्यात बडोद्याच्या बंद खोलीत टबाचं पाणी ३३-३४ वर जाईल, म्हणून एसीच्या खोलीत ठेवा, नाहीतर पृष्ठभागावर तिरका पंखा लावा. पंख्याने दोन ते चार अंश उतरतात, पण हवा कोरडी असेपर्यंतच. जूनमध्ये दमट वारा सुरू झाला की त्याचा जोर ओसरतो. तेव्हा गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली सोडायची, बर्फाचे खडे नाही, आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त खाली आणायचं नाही. टबात २५ ते २७ अंश ठेवा. माशांशिवायच्या टबात घाण कमी होते, तरी दिवसाआड १० लिटर बदला.

मोठ्या टँकमध्ये दिवसाआड ३० लिटर, असं चार वेळा. पाव भाग चार वेळा काढला की पाण्यात मोकळं असलेलं तांबं मूळच्या एक तृतीयांशाच्याही खाली जातं. एकदम शंभर लिटर काढायची घाई नको, मासे आणि दगडातले जिवाणू दोघांनाही ते झेपणार नाही. सोबत सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, जिथे पाणी जोरात वाहतं तिथे, जाळीच्या थैलीत १०० ते १५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन टांगा. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत आधी धुवा आणि दर आठ-दहा दिवसांनी नवा घाला. कार्बन सगळं तांबं ओढत नाही. त्याच्या जोडीला तांबं शोषणारं रेझिन किंवा पॉली फिल्टरचा (विरघळलेली घाण शोषणाऱ्या गादीचा) तुकडा मिळाला तर जरूर लावा. पॉली फिल्टरची एक सोय अशी की तांबं लागलं की तो निळसर पडतो. तुमच्याकडे तो निळा झाला तर प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच उत्तर हातात येईल.

आता लेदरवरचा डाग. टोडस्टूल लेदर अधूनमधून स्वतःहूनच मिटतं, अंगावर मेणकागदासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि आठ-पंधरा दिवसांत प्रवाहाने तो सुटून जातो. त्या वेळी देठ ताठ असतो आणि वास येत नाही. तुम्ही सांगता तो डाग त्यातला नाही. टबात घेऊन बोटाने हलकं दाबा. खालचं मांस घट्ट असेल तर फक्त धुऊन सोडा. बोट रुतलं, चिकट निघालं, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर कापायचं. आणि कापायला हात लावण्याआधी झोआंबद्दल हे वाचा.

झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, फार तीव्र. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरड्या ब्रशने घासू नका. त्या वाफेने आणि तुषारांनी घरातली माणसं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. काम करताना नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर गॉगल. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम टाळा. तोंडाला धातूसारखी चव, ओठ बधिर, अंगदुखी, धाप, यांपैकी काही वाटलं तर वाट न बघता इस्पितळात जा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द डॉक्टरांना लिहून द्या. मुलं त्या खोलीत नकोत.

कापण्यासाठी नवं कोरं ब्लेड. डागाच्या हद्दीवर कापू नका, निरोगी मलईदार मांसात अर्धा ते एक सेंटिमीटर आत जाऊन कापा. कडेला राहिलेला तपकिरी ठिपका चार दिवसांत पुन्हा पसरतो. मग एका भांड्यात टबाचंच एक लिटर पाणी घेऊन त्यात पाच टक्क्यांच्या लुगोल्स आयोडीनचे पाच थेंब टाका. रंग फिक्या चहासारखा येईल. त्यात लेदर दहा मिनिटं, मधूनमधून सिरिंजने त्यावर पाणी मारायचं. नंतर दुसऱ्या भांड्यात खळबळून टबात ठेवा. ते आयोडीनचं पाणी मोरीत. आयोडीनची जागा भांड्यात आहे, टँकमध्ये नाही. देठही मऊ पडला असेल तर देठाचा मोह सोडा आणि टोपीचे दोन-तीन सेंटिमीटरचे निरोगी तुकडे काढा. ते सुपरग्लूने चिकटत नाहीत, लेदर चिकट पाणी सोडून सुटून जातं. खरबरीत दगडाच्या तुकड्यावर ठेवून सैल रबर बँड लावा किंवा वरून जाळी बांधा. दोन-तीन आठवड्यांत स्वतःच धरतात. प्रवाह मध्यम ठेवा, अंगावर थेट फवारा नको.

झोआंसाठी वेगळं काही करायचं नाही. फक्त रात्री लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा. त्यांच्यासारख्याच रंगाचे लहान किडे किंवा घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या शंखाच्या गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या तर चिमट्याने काढा.

किती दिवसांत फरक? झोआ आधी सावरतात, चार ते दहा दिवसांत. लेदरला दोन ते चार आठवडे द्या. मध्ये एकदा पापुद्रा टाकेल, घाबरू नका. टब रिकामा करून पोवळी मोठ्या टँकमध्ये नेण्याची घाई मात्र करू नका. वाळू आणि दगडांनी धरलेलं तांबं महिनोनमहिने थोडं थोडं सुटत राहतं, पाणी आम्लाकडे झुकलं तर जास्तच. शक्य असेल तर वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू दर बदलाला थोडी थोडी काढून टाका. तीन आठवड्यांनी एक, फक्त एक गोगलगाय आणून सोडा. आठवडाभर ती काचेवर शेवाळ खात फिरत राहिली तर आधी झोआंचा एक तुकडा हलवा, मग चार-पाच दिवसांनी लेदर. ती तळाशी पडून राहिली तर तांबं शोषणारं रेझिन बदलून आणखी महिनाभर थांबा.

लेदर गेलंच तर त्या जागी हॅमर किंवा टॉर्च ही कठीण पोवळी आणायचा विचार दुकानदार डोक्यात घालतील. कठीण सांगाड्याची सगळी पोवळी, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. ती घेऊ नका. जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, नराऱ्याला ओहोटीत पायाखाली पोवळी दिसतात म्हणून तिथून एखादा तुकडाही उचलायचा नाही. तुमचं लेदर आणि झोआ त्या यादीत नाहीत, पण बिल मागून घ्यायची सवय ठेवा.

आरओच्या टीपासून निघालेल्या पाण्याच्या कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात 'टँकचं पाणी' लिहा, आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींना सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही ऑफिसला गेल्यावर कॅन रिकामा दिसला म्हणून कुणीतरी प्रेमाने तो जुन्याच नळाखाली भरून ठेवेल.